चार कपड्यांची मुलगी

गुरुवारी शेवटच्या तासाला वर्गबाई म्हणाल्या, "शनिवारी दहावीचा निरोप समारंभ. मुलींनी आईची साडी नेसून यायचं," आणि सगळा वर्ग हसला. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण हल्ली मी सगळंच मोठ्याने करते. नववीपर्यंत मी मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचे आणि हजेरीला माझं 'हजर' तिसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू जायचं. या वर्षी मी पहिल्या बाकावर आहे, गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं, आणि मुख्याध्यापकांना माईक जरा लांब धरा म्हणून सांगायची हिंमतही मीच केली. तर मी हसत होते, आणि बाईंची नजर वर्गावरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि तिथेच अडकली. "आईची म्हणजे, मावशीची, काकूची, कुणाचीही चालेल," असं त्या घाईने म्हणाल्या आणि टेबलावरचे खडू एका रांगेत लावायला लागल्या. एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण माझ्या हसण्याचा शेवटचा तुकडा तोंडातच राहिला, गिळता येईना आणि टाकताही येईना.

तो 'कुणाचीही' माझ्याबरोबर घरापर्यंत आला. आमची खोली लूमच्या शेडला पाठ लावून आहे. भिवंडीत यात विशेष काही नाही, निम्म्या गावाच्या पाठीला लूम आहे. भिंतीला हात लावला की ती आतून धडधडत असते, तांब्यातलं पाणी दिवसभर बारीक थरथरतं, आणि गावाकडचा पाहुणा आला की पहिला तास ओरडून बोलतो आणि मग कंटाळून गप्प बसतो. दप्तर ठेवून मी दोरीकडे बघत उभी राहिले. दोरीवर माझे चार कपडे होते. चार, आणि ते मुद्दाम चार. गणवेश मी मोजत नाही, तो शाळेचा. एक निळा कुर्ता. त्याचं कापड बाबांच्या लूमवरचं, फेंटमधलं, म्हणजे विणताना चूक झाली म्हणून शेठच्या कामाचं न राहिलेलं. त्यात खांद्यापासून खालपर्यंत एक तार सुटलेली आहे, उजेडात धरलं की बारीक रेघ दिसते. शेजारच्या हबीबा चाचीने शिवताना ती रेघ मागे घेतली होती. मी म्हटलं, नाही, समोर घे, ही आमच्या बाबांच्या लूमची आहे. चाची म्हणाली, "येडी हायस तू, लोक डाग लपवतात." मग बाबांचा चौकडीचा शर्ट, बाह्या दोनदा दुमडून. एक मरून स्कर्ट, चाचीच्या मशीनवर मी स्वतः शिवलेला, ज्याची एक बाजू जरा खाली आहे आणि ती मी चालण्यात सांभाळून घेते. आणि पिवळी सलवार-कमीज. तिची काही गोष्ट नाही. ती घातली की मी छान दिसते, बस.

इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलं होतं: कपड्यात शिरल्यावर मी दिसले पाहिजे, देणारी बाई दिसता कामा नये. त्याखाली: वर्षभर अंगाला लागलं नाही ते घरात ठेवायचं नाही. मला या दोन ओळींचा फार अभिमान होता. वर्गातल्या मुलींना मी त्या ऐकवल्या होत्या, डबा खाताना, भाषणासारख्या. एक जण म्हणाली, तुला काय गं, तुझ्याकडे आहेतच चार. मी म्हटलं, असायला चाळीस होते. आणि ते खरं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली आई काविळीने गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाराव्याला अंबाडीच्या पलीकडच्या आमच्या गावाहून आत्या आली. राहीबाई आत्या कामाला वाघ आहे. तिने पदर खोचला, आईची पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध ओढली आणि एकेक कपडा काढून दोन ढीग केले. बरे ते गरिबांना द्यायला, फाटके ते कामवारी नदीत सोडायला. "मेल्या मानसाचं कापड घरात ठेवू न्हाय. जीव घुटमळतो. आपल्यालाबी सुख न्हाय नि तिलाबी न्हाय," असं ती म्हणत होती, आणि तिचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हते. मी दारात बसून बघत होते. आईच्या साड्या इतक्या कमी असतील असं मला वाटलं नव्हतं. आई रोज वेगळी दिसायची. पेटी रिकामी झाल्यावर आत्याने ती उलटी करून ठोकली, तेव्हा कोपऱ्यातून एक हुक पडला, ब्लाउजचा, आणि तोही तिने उचलून ढिगात टाकला. घराला एक वास होता तो त्या दिवसापर्यंत होता. नंतर फक्त तेलाचा आणि सुताच्या तुसाचा वास राहिला, तो बाबांचा.

मग कपडे यायला लागले. आई नसलेल्या मुलीला काय द्यावं हे लोकांना कळत नाही, म्हणून लोक कपडे देतात. शेठच्या सुनेचे ड्रेस, चुलत बहिणींचे फ्रॉक, कुठल्या बाईंचं स्वेटर, ज्याची भिवंडीत वर्षातून आठ दिवसही गरज नसते. मी ते सगळं घातलं. एखादा ड्रेस घालून बाहेर पडले की देणारी बाई गल्लीत भेटायची, मला वरपासून खालपर्यंत बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरायचं, जे माझ्यासाठी नव्हतं. "बसला की गं अगदी." तीन वर्षं मी अशी दुसऱ्यांच्या समाधानात फिरत होते. माळा भरला. आणि मागच्या मे महिन्यात, नववीचा निकाल लागला, मी पहिल्या पाचात आले, आरशात बघितलं तर शेठच्या सुनेच्या जांभळ्या ड्रेसमध्ये कोणीतरी उभी होती, आणि मला तिचा इतका राग आला की त्याच दुपारी मी माळ्यावर चढले. त्या दिवसापासून मी मोठ्याने बोलायला लागले असं मी समजते. समजत होते.

शुक्रवारी लूम बंद असतात. सकाळी जाग येते ती शांततेने; कानातला कापूस काढल्यासारखं होतं, लांबचा कावळासुद्धा जवळ येतो. बाबा घरी असतात, दाढी करतात, आणि त्या शांततेत त्यांना काय करावं कळत नाही. बावीस वर्षांत लूमने त्यांचे कान बरेचसे खाल्ले आहेत. ते आमच्या ओठांकडे बघून ऐकतात, म्हणून मी त्यांच्याशी बोलताना नेहमी समोर जाऊन बसते. चहाचा कप हातात देऊन मी सहज म्हटलं, "उद्या शाळेत साडी नेसायचीय. चाचीची घेते."

"कशापायी?"

"निरोप समारंभ. सगळ्या जणी आईची नेसणार."

बाबांनी कप खाली ठेवला. "मंग चाचीची कशाला? आईची हाय की."

"आईच्या सगळ्या आत्याने दिल्या, बाबा."

"सगल्या न्हाय." आणि बाबा हसले. बाबा हसतात तेव्हा आधी त्यांच्या मिशीला कळतं, मग त्यांना. "तुजी आत्या लई शानी समजते सोताला. येक मी डब्याच्या पिशवीत घातली. तिच्या डोल्यासमोर घातली. भाकर बांदतोय असं वाटलं तिला. म्हयनाभर लूमवर पान्या-पक्कडीच्या पेटीत ठेवली, आत्या गावाला गेली तवा घरी आनली."

मला जे झालं ते मी कसं सांगू. आधी तर आनंदच झाला. पोटातून, भसकन. आईची साडी आहे. चार वर्षं ती आमच्या डोक्यावर माळ्यावर आहे आणि उद्या मी ती नेसणार आहे, आणि कोणी विचारलं तर 'आईची' असं म्हणणार आहे, इतर मुलींसारखं, काही विशेष नसल्यासारखं. बाबा स्टूल ओढून वर चढले सुद्धा. त्यांचं डोकं आणि खांदे माळ्यात गेले, खाली फक्त त्यांच्या पोटऱ्या आणि लेंगा राहिला. मी विचारलं, "कशात ठेवलीय?" त्यांना ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने आतून, स्वतःशीच बोलल्यासारखा आवाज आला, "खाकी पँटीत बांदलीय. माज्या जुन्या. कोनी हात लावू नये म्हनून तेलकट पँटीत बांदली."

आणि मला ती पँट दिसली.

मे महिन्यातल्या त्या दुपारी बोहारीण आमच्या उंबऱ्यावर बसली होती, भांड्यांची पाटी पुढे घेऊन. मी चौतीस कपडे काढले होते आणि माझी नजर एका स्टीलच्या डब्यावर होती, मोठ्या, दहा किलो तांदूळ मावतील अशा. ती कपडे उजेडात धरायची, काखेत बघायची, नाक मुरडायची. "बाय, हे इरलंय. हे कोन घेल? डबा न्हाय जमत, ही पातेली घे." मी म्हटलं, डबाच. ती म्हणाली, मंग टाक अजून. मी माळ्यावर गेले, कोपऱ्यात बाबांची एक तेलाने कडक झालेली पँट होती, कसलंतरी बोचकं आत गुंडाळून पाय एकमेकांत बांधलेली, लूमवरच्या चिंध्या असतील. मी ती वरूनच खाली टाकली. बोहारणीने गाठ सैल केली. आत दोन बोटं घातली. मग तिने माझ्याकडे बघितलं, गाठ परत आवळली आणि म्हणाली, "बरं, घे डबा." वर एक चमचा दिला. मला वाटलं मी जिंकले. बाईमाणूस इतक्या वर्षांचं मुरलेलं, आणि मी पंधरा वर्षांची, आणि तिला मी नमवलं. ती गोष्ट मी शाळेत तीनदा सांगितली आहे, तिचा आवाज काढून, "बरं, घे डबा." बाबांनाही सांगितली होती. बाबा म्हणाले होते, आईवर गेलीस, ती पन अशीच भाव करताना भांडायची. मी घासाघीस पुऱ्या रंगाने सांगितली, शेवटी माळ्यावरून काय काढून टाकलं तेवढं सांगायचं राहिलं, कारण माझ्या लेखी ते काहीच नव्हतं.

ती दोन बोटं. चार वर्षांत आईच्या साडीला शेवटचं कोणी हात लावला तर त्या दोन बोटांनी. त्यांना कळलं आत काय आहे. मला नाही कळलं. मी वरून टाकताना ते हलकं लागलं होतं हाताला, आणि मऊ. आता हाताला ते आठवत होतं, स्पष्ट, तळहाताला, जसं काही आत्ताच टाकलं. चिंध्या इतक्या मऊ असतात का.

माळ्यावर बाबा सामान हलवत होते. पत्र्याची पेटी सरकली, घागर सरकली, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे खाली आले. मला म्हणता आलं असतं. पण बाबांचं तोंड माळ्यात होतं, मी खालून म्हटलं असतं तरी ऐकू गेलं नसतं, आणि हे माझ्या किती सोयीचं आहे हे मला तेव्हाच कळत होतं. मी स्टूल धरून उभी होते. धरायची गरज नव्हती. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यात सूत अडकलं होतं.

ते बऱ्याच वेळाने खाली आले. डोक्यावर जाळी, हातावर काळं. "न्हाय," ते म्हणाले. स्टुलावरच बसले. माझ्या ओठांकडे बघितलं, मी काही बोलतेय का म्हणून. मी ओठ मिटून ठेवले होते. मग त्यांनी लूमच्या दिशेला, त्या बंद भिंतीकडे बघितलं आणि हळूहळू म्हणाले, "ठेवली व्हती असं वाटतं मला. का दिलीच आसंल? त्या टायमाला डोकं जाग्यावर नव्हतं माजं. पिशवीत घातली, येवढं आठवतं. मंग आत्यानं मागितली आसंल नि मी दिली आसंल. मानूस मनानंच ठेवतो कदी कदी." आणि त्यांनी मला विचारलं, खरंच विचारल्यासारखं, "तसंच झालं आसंल, न्हाय?"

मी म्हटलं, "असेल."

एकच शब्द. स्वच्छ म्हटला, ओठ नीट हलवून, त्यांना कळेल असा. त्यांनी मान डोलावली आणि हात धुवायला गेले. चार वर्षं त्यांच्याकडे एक गोष्ट होती, बहिणीच्या डोळ्यांदेखत, सगळ्या भावकीच्या रीतीविरुद्ध, त्यांनी आईसाठी केलेली. ती मी त्यांच्याकडून काढून घेतली. साडी मी न कळता दिली होती. हे कळून.

शनिवारी हबीबा चाचीने मला तिची गुलाबी जॉर्जेट नेसवली, तोंडात पिना धरून. "हिलू नको बेटी. पोटात घे श्वास. आता सोड. सोड म्हंते ना, मरशील." तिने मला फिरवून बघितलं, तिच्या चेहऱ्यावर ते समाधान पसरलं, आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. "डाग पडला तर पडला," ती म्हणाली, "खुशाल बस-ऊठ." शाळेत सगळ्या मुली डांबरगोळ्यांच्या वासात अवघडून उभ्या होत्या. कोणी खाली बसत नव्हतं. भेळ वाटली तेव्हा प्रत्येक जण हात लांब धरून खात होती आणि एकमेकींना सांगत होती, आई मारेल गं, तिच्या लग्नातली आहे, आईने दहादा बजावलंय. तक्रारच करत होत्या. मी त्यांच्यात उभी राहून ऐकत होते, आणि माझ्या पदराला चिंचेचं पाणी लागलं तर मला कोणी मारणार नव्हतं. मी भाषण केलं. चांगलं झालं. बाई रडल्या, मुख्याध्यापकांनी माईक लांब धरला, सगळे हसले, आणि मी माझाच आवाज ऐकत होते, भोंग्यातून मैदानावर जाणारा, किती खणखणीत, एकाही शब्दाला न अडखळणारा. याच आवाजाने मी काल 'असेल' म्हटलं.

सहाला घरी आले तेव्हा लूम चालू होते. बाबांना सातची नाइट होती, ते भिंतीला टेकून बसून डब्यासाठी कांदा चिरत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. "बरी दिसतेस," ते म्हणाले. आणि पुन्हा कांद्यावर वाकले. मी समोर बसले.

"बाबा, तुम्ही साडी ठेवली होती."

ते कांद्याकडे बघत होते. भिंत धडधडत होती. मी हळू बोलले होते. मला ठाऊक आहे मी मुद्दाम हळू बोलले होते, म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि ऐकू जाणार नाही. त्यांनी वर बघितलं. "काय?"

"तुम्ही ठेवली होती साडी. पँटीत. ती मी दिली."

"काय दिली?" त्यांनी डोकं पुढे आणलं, डोळे बारीक केले, माझ्या ओठांवर. पण माझे ओठ सरळ राहत नव्हते, आणि वाकड्या ओठांवरचं त्यांना वाचता येत नाही. मग मला ओरडावं लागलं. लूमच्या वरून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं, "बोहारणीला दिली मी. मे महिन्यात. डब्याच्या बदल्यात. तुमची पँट गाठीसकट दिली." शेजारी चाचीचं शिलाई मशीन थांबलं.

बाबांच्या हातात सुरी तशीच होती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांनी विचारलं, हळू, त्यांच्या मानाने फारच हळू, "उगडून न्हाय बगितली?"

मी मान हलवली.

"उगडून तरी बगायचं व्हतंस, मैने."

मी जॉर्जेटच्या निऱ्यांवर बसले होते, त्या चुरगळत होत्या. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मग वाटलं, हेही माझ्या सोयीचंच. बाबांनी सुरी ठेवली. हात लेंग्याला पुसले. आणि म्हणाले, "म्हंजे ठेवली व्हती मी."

"हो."

"मी दिली न्हाय कोनाला."

"नाही. तुम्ही नाही दिली."

"हां." त्यांनी श्वास सोडला. कालपासून तो तिथेच धरून ठेवला होता असं वाटलं. "मंग मी म्हनत व्हतो ना. आठवतं मला. गाठ पन मीच मारलेली, दुहेरी." त्यांचे डोळे भरले होते आणि मिशी हलली होती, आणि या दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी विचारलं, "कुठली होती, बाबा? कुठल्या रंगाची?"

"रंग," ते म्हणाले आणि थांबले. "रंग येक नव्हता. ताना हिरवा व्हता नि बाना तांबडा. उभं सूत येक, आडवं सूत येक. म्हनून ती उभी राह्यली की येक दिसायची नि चालली की येक." त्यांनी माझा पदर, चाचीचा पदर, ओल्या बोटांत धरला, चिमटीत चोळला आणि नाही म्हणून मान हलवली. "असं निसटतं न्हाय. दाट. बोटाला धरून ठेवायची." मग त्यांनी हवेत हात धरला, एक तळवा उभा, एक आडवा, आणि हलवून दाखवला, कशी बदलायची ते.

मी डोळे मिटून आईला त्या साडीत आठवायचा प्रयत्न केला. दारात, चुलीपाशी, दोरीवर कपडे टाकताना. मला आठवली नाही. अकरा वर्षं मी तिला त्या साडीत बघितलं असणार आणि माझ्याकडे त्यातलं काही नव्हतं. मी डोळे उघडले. बाबांचे हात अजून हलत होते, सातची ड्युटी जवळ आली होती, आणि मी म्हटलं, "परत दाखवा."